सफरचंद आजाऱ्याच्या उशाशी नव्हे, सगळ्यांच्या वाटीत

आश्विन लागला की आपल्या वस्तीच्या नाक्यावर सफरचंदाच्या गाड्या उभ्या राहतात. हिमाचलचा माल ऑगस्टपासून येऊ लागतो, सप्टेंबर-ऑक्टोबरला काश्मीरचा माल उतरतो आणि दोन्ही मिळून भाव खाली येतो. वर्षभर तागडीकडे न बघणारी बाईसुद्धा या दिवसांत गाडीपाशी थांबून विचारते, "कसे दिले?" विकत मात्र घेतले जाते ते बहुतेक वेळा घरात कोणी आजारी असेल तरच. आमची तक्रार नेमकी याच सवयीबद्दल आहे.

आम्ही परिचारिकेचा डिप्लोमा घेऊन बरीच वर्षे वॉर्डात काढली. भेटीची वेळ झाली की दारातून पिशव्या आत येत. त्या पिशवीत काय असेल हे न बघता सांगता यायचे: चार सफरचंदे, एक बिस्किटचा पुडा, शहाळे. सफरचंदे उशाशी स्टूलवर ठेवली जात. पेशंटला चावायची ताकद नसे, सोबतच्या बाईला आपण खाल्ले तर लोक काय म्हणतील याची लाज वाटे. शेवटी ती सुरकुतत आणि डिस्चार्जच्या दिवशी पिशवीतून परत घरी जात.

एक बाळंतीण आम्ही विसरू शकत नाही. रक्त सहावर आले होते. नवरा नाक्यावर बिगारी काम करणारा. तो रोज संध्याकाळी दोन सफरचंदे घेऊन येई. चौथ्या दिवशी त्याने विचारले, "सिस्टर, आता रक्त वाढलं असंल ना? रोज आणतोय बघा." ती सफरचंदे त्याने उसनवारीवर आणली होती, हे नंतर कळले. त्याला कोणी सांगितले होते सफरचंद आणायला? आम्हीच. "दादा, फळं खाऊ घाला, सफरचंद वगैरे," असे जाता जाता बोललो होतो. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. शौचाला काळे होते म्हणून घाबरून ती त्या गादीखाली ठेवत होती. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होणारच, त्यात भिण्यासारखे काही नाही, एवढे एक वाक्य तिला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. त्या माणसाच्या उसनवारीत आमच्या निष्काळजी जिभेचा वाटा होता, हे आज लिहिताना लपवायचे कारण नाही.

म्हणून आधी हिशेब नीट करू. कापलेले सफरचंद लाल-तपकिरी पडते म्हणून त्यात लोह भरपूर, असे आपल्या घराघरांत मानले जाते. हे खरे नाही. कापल्यावर फळातील एक विकर हवेशी संपर्कात येते आणि रंग बदलतो. वांगे, केळे, बटाटाही असेच काळे पडतात. १०० ग्रॅम सफरचंदात लोह असते साधारण ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे नसल्यासारखेच. क जीवनसत्त्व ५ मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या घरात असते आणि पेरू गाडीवर निम्म्याहून कमी भावात मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्ताक्षय आढळला. म्हणजे दोघींतली एक. या बायांना सफरचंदाने बरे करायला निघालो तर बागाच्या बागा पुरणार नाहीत.

रक्त वाढवायचे असेल तर गोळ्या पूर्ण घ्या. सोबत पालेभाजी, मोड आलेली मटकी, हरभरे. खाणाऱ्यांनी काळीज, मटण, सुकट. जेवताना लिंबू पिळा आणि जेवणासोबतचा चहा तासभर पुढे ढकला. बिनहंगामी एक किलो सफरचंदाच्या पैशात दोनेक डझन अंडी येतात. आजाऱ्याच्या पिशवीत आधी ती जाऊ द्या. हगवण लागलेल्या लेकराला सफरचंद शोधत फिरू नका. त्याला मीठ-साखर-पाण्याचे ओआरएस आणि १४ दिवस झिंक लागते, आणि दोन्ही सरकारी दवाखान्यात मिळते.

मग सफरचंद खायचे की नाही? खायचे. पण औषध म्हणून नव्हे. हंगामाचे फळ म्हणून, आनंदाने आणि सगळ्यांनी मिळून. आमचे म्हणणे एवढेच आहे की सफरचंदाची जागा आजाऱ्याच्या उशाशी नसून घरातल्या सगळ्यांच्या वाटीत आहे. एकाच्या नावाने चार महागडी आणण्यापेक्षा, स्वस्ताईच्या पंधरा दिवसांत एक किलो डागी सफरचंद आणा, घरी भाजून गोड करा आणि आठ जणांनी खा.

भाजायचे कशासाठी, असे विचाराल. आमच्या महिला मंडळातल्या एका आजींनी याचे उत्तर दिले. गेल्या आश्विनात आम्ही वस्तीतल्या सभागृहात दहा-बारा जणी जमून हा पदार्थ करून पाहिला. आजींना वरचे दात नाहीत. वाटी पुढे केली तर त्या म्हणाल्या, "मला नको गं, मला ते चावत नाही." चमच्याने एक घास भरवला, तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पोरं दवाखान्यात आणायची माझ्यासाठी. मी नातवाला देऊन टाकायची. चव आज कळली." वयाची सत्तरी गाठलेल्या, मुंबईसारख्या शहरात जन्म काढलेल्या बाईला सफरचंदाची चव आज कळते, ही काय लहान गोष्ट आहे? भाजल्यावर फळ मऊ होते. म्हाताऱ्यांना चालते, दात येणाऱ्या लेकरांना चालते. लहान मुलांच्या घशात कच्च्या सफरचंदाची कडक फोड अडकू शकते, ती भीती उरत नाही. थोडे पीठ आणि दाण्याचे कूट सोबत असल्याने पोटही भरते.

थंड मुलुखात शरद ऋतूत सफरचंदाची तोडणी होते आणि घरोघरी ती पिठाखाली भाजली जातात. इंग्लंडात वरून चुरा पसरून भाजलेल्या पदार्थाला ॲपल क्रंबल म्हणतात. आमच्या मंडळात त्याला कोणी "चुरमा" म्हणाले आणि तेच नाव पडले. आपल्याकडे मात्र शरद म्हणजे ऑक्टोबरची हीट. पत्र्याच्या खोलीत दुपारी शेगडी पेटवून बसू नका. संध्याकाळी उन्हे कलल्यावर करा आणि कोमट किंवा गार खा. गारही चांगला लागतो.

आता प्रत्यक्ष कृती. ओव्हन कोणाकडेच नाही, हे धरूनच सांगतो.

आठ वाट्यांसाठी सफरचंद १ किलो. गव्हाची जाडसर कणीक १ वाटी, नाचणीचे पीठ अर्धी वाटी, भाजलेल्या दाण्याचे जाडसर कूट अर्धी वाटी, किसलेला गूळ ५ चमचे म्हणजे साधारण ६० ग्रॅम, तूप किंवा तेल ५ चमचे, चिमूटभर मीठ, अर्धे लिंबू आणि घरात असेल ती सुंठ, वेलची किंवा दालचिनी. चमचे पोह्याचे धरा.

फळ घेताना गाडीवाल्याला डागी माल मागा. गारांचा मार बसलेली, सालीवर खरबरीत चट्टे असलेली, आकाराने लहान फळे चकचकीत फळांपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात आणि भाजल्यावर दोन्हींत फरक राहत नाही. मात्र डाग आणि कूज यात फरक करा. मार लागून तपकिरी झालेला भाग कापून टाकला की चालते. बुरशी आलेले, आतून सडत गेलेले फळ पूर्ण टाका. कुजक्या सफरचंदातल्या बुरशीचे विष शिजवल्यानेही जात नाही. स्वस्त मिळाले म्हणून तेवढे पोटात घालू नका.

चकाकीसाठी फळांवर मेणाचा पातळ थर देतात. ठराविक खाद्य मेणांना नियमाने परवानगी आहे, त्यामुळे घाबरायचे कारण नाही. कोमट पाण्यात हाताने चोळून धुवा आणि फडक्याने पुसा. साल काढू नका. चोथा सालीत जास्त असतो, आणि शौचाला साफ होण्यासाठी तोच उपयोगी पडतो. मधला गाभा आणि बिया काढून टाका. बारीक फोडी करून त्यावर लिंबू पिळा.

कणीक आणि नाचणीचे पीठ कोरड्या तव्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटे, खमंग वास सुटेपर्यंत भाजा. ही पायरी गाळू नका. झाकणाखाली वाफ धरते, त्यामुळे वरचा थर ओव्हनसारखा आपोआप खरपूस होत नाही. तो खमंगपणा आधीच तव्यावर आणावा लागतो. पीठ निवले की त्यात कूट, गूळ, मीठ, सुंठ घाला आणि तूप चोळत बोटांनी भरभरीत चुरा करा. गोळा होऊ द्यायचा नाही. स्टीलच्या पसरट डब्याला तेलाचे बोट लावा, तळाशी फोडी पसरा आणि वरून चुरा न दाबता घाला.

भाजायला जाड लोखंडी कढई किंवा जाड बुडाचे पातेले घ्या. तळाशी दोन वाट्या जाडे मीठ पसरा, त्यावर एक रिंग किंवा उपडी ताटली ठेवा. झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्या. मग डबा आत ठेवा, झाकण लावा आणि आच कमी करून चाळीस मिनिटे भाजा. शेवटची दहा मिनिटे झाकण बोटभर सरकवून ठेवा, म्हणजे वाफ निघून जाईल आणि चुरा ओला पडणार नाही. फोडीत सुरी सहज गेली की झाले. तेच मीठ गार करून बरणीत ठेवा आणि पुढच्या वेळी भाजायला वापरा. स्वयंपाकात घेऊ नका.

दोन गोष्टी बजावून सांगतो, कारण भाजलेल्या बायका आणि लेकरे आम्ही वॉर्डात पाहिली आहेत. रोजचा कुकर यासाठी कोरडा तापवू नका. रिंग आणि शिट्टी काढून पुष्कळ जणी तसे करतात, पण पाण्यावाचून तापून कुकर खराब होतो आणि तोच कुकर दुसऱ्या दिवशी आपण शिट्टी लावून वापरतो. पातळ जर्मनचे भांडेही कोरडे तापवू नका. दुसरे म्हणजे, तापलेले मीठ लवकर गार होत नाही. शेगडी जमिनीवर असेल तर रांगते मूल त्या वेळात दुसऱ्याच्या कडेवर हवे.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप गॅसचा. पाऊण तास गॅस जाळणे प्रत्येकीला परवडत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्यावर दोन उपाय आहेत. एक, चार घरांनी मिळून मोठ्या कढईत करा. गॅस एकीचा, सफरचंद दुसरीचे, पीठ तिसरीचे. दुसरा, भाजूच नका. फोडी दोन चमचे पाण्यात झाकून दहा मिनिटे शिजवा, चुरा तव्यावरच खरपूस करा आणि वाढताना वरून घाला. चवीत थोडा फरक पडतो, पोषणात पडत नाही.

दुसरा आक्षेप असा येतो: "ताई, आपल्याला कशाला हे साहेबी खाणे? आपला शिरा काय वाईट?" शिरा वाईट नाही. पण आपल्या शिऱ्यात किती साखर पडते ते मोजून पाहा. आणि साहेबी काय, गावठी काय? हिमाचलातले सफरचंद तरी तिथले मूळचे कुठे होते? स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१६ च्या सुमारास कोटगढला आपल्या देशातली डेलिशस जातीची रोपे लावली आणि त्यातून तिथल्या डोंगरातल्या बागा वाढल्या. पदार्थ कोणाच्या नावावर लिहिलेला नसतो. "हे आपले खाणे नाही" हे वाक्य आपण दुसऱ्यांकडून फार ऐकले आहे. ते स्वतःच्या लेकरांना कशाला ऐकवायचे?

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, गैरसमज आहे. पण तोच जास्त धोक्याचा. "गूळ आहे ना, मग शुगरवाल्यांना चालतो." नाही चालत. गुळाने रक्तातली साखर साखरेइतकीच वाढते. वरचा ६० ग्रॅम गूळ आठ वाट्यांत वाटला तर एकीला साडेसात ग्रॅम येतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की वरून घातलेली साखर, गूळ, मध हे सगळे मिळून मोठ्या माणसाने दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेले बरे. म्हणजे आपली एक वाटी त्या मर्यादेत बसते. मात्र त्या दिवशीचे तीन कप गोड चहा त्यात मोजा. शिवाय सफरचंदात आणि पिठातही साखर-पिष्ट आहेच. मधुमेह असणाऱ्यांनी स्वतःच्या फोडींवर गूळ न घातलेला चुरा वेगळा काढावा, अर्धी वाटी खावी आणि त्या जेवणातली एक पोळी कमी करावी. इन्शुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. गूळ हे औषध नाही, सफरचंद हे औषध नाही. औषध म्हणजे औषधच.

हंगामाचा हा काळ आणि आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन, दोन्ही लागोपाठच येतात. अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला घरात गोड होतेच. पाहुणे येतात, मुले नवे कपडे घालून हिंडतात, नाक्यावरच्या बेकरीतून क्रीमचा केक येतो. मैदा, साखर, वनस्पती तूप आणि रंग. दोन दिवसांत खोके रिकामे होते आणि लेकरांच्या पोटात दुसरे काही जात नाही. यंदा एखाद्या घरी तरी केकच्या जागी ही कढई चढू द्या. मुलांना फोडी करायला बसवा, मुलग्यांनासुद्धा. आमच्या मंडळात चुरा चोळण्याचे काम सातवीतल्या एका पोराने सगळ्यांत चांगले केले होते. आईच्या हातचे गोड म्हणतो, त्यात घरातल्या सगळ्यांचे हात लागले तर चव बिघडत नाही.

सहा महिन्यांवरच्या बाळाला द्यायचे असेल तर गूळ, मीठ, दाणे काहीही न घालता नुसती साल काढलेली फोड वाफवून, कुस्करून द्या. आणि सफरचंद महागले की आग्रह धरू नका. हाच चुरा लाल भोपळ्याच्या फोडींवर घाला. भोपळ्याला गूळही कमी लागतो.

त्या बाळंतिणीचे पुढे काय झाले, हे विचाराल म्हणून सांगतो. तिला रक्त चढवावे लागले. गोळ्यांची भीती समजावून काढली, ती गोळ्या घेऊ लागली आणि बाळाला घेऊन घरी गेली. निघताना नवऱ्याने स्टूलवरची उरलेली सफरचंदे पिशवीत भरली आणि त्यातले एक आमच्या हातावर ठेवले. "घ्या सिस्टर, तुमच्यामुळं बरी झाली." ते उसनवारीचे सफरचंद होते. आम्ही ते घेतले, खाल्ले मात्र गेले नाही.

म्हणून आता वस्तीत कोणी आजारी पडले, की आम्ही सांगतो: भेटायला जाताना सफरचंद नेऊ नका. उकडलेली अंडी न्या, मटकीची उसळ न्या, नाहीतर रिक्षाचे पैसे हातावर ठेवा. गोळ्या घेतल्या का ते विचारा. आणि सफरचंद आश्विनात आणा. घरात कोणीही आजारी नसताना आणा. आठ फोडी, आठ वाट्या, आणि पहिली वाटी ज्यांना दात नाहीत त्यांना.